बटण दुरुस्त झालं आणि दुकान लांब गेलं: पायी वावरायच्या वस्तीतले चौदा महिने

मागच्या महिन्यात चौकातलं पादचारी बटण दुरुस्त झालं आणि त्याच दिवशी मी या वस्तीला दिलेल्या ताऱ्यांतला एक कापला. वाचायला उलटं वाटेल. पण त्याआधी जवळपास पाच महिने ते बटण आत रुतून बसलं होतं. रुतलेलं बटण म्हणजे कंट्रोलरच्या, म्हणजे सिग्नल चालवणाऱ्या यंत्राच्या लेखी कुणीतरी सतत दाबून धरलेलं बटण. त्यामुळे कोपऱ्यावर माणूस असो वा नसो, सिग्नलच्या प्रत्येक फेरीत चालायचा दिवा लागायचा. आता दाबलं तरच लागतो, आणि दाबायला दोन सेकंद उशीर झाला तर ही फेरी गेली, पुढची बघा.

खाली गाळे, वर घरं, मध्ये शाळा, टोकाला स्टेशन ही रचना सगळ्यांना पाठ आहे. ती पुन्हा उगाळत नाही. माहितीपत्रकात 'सगळं पाच मिनिटांवर' असं लिहिलेलं असतं ते कुठे खरं आणि कुठे नाही, एवढंच लिहितो. त्यातला मोठा भाग या एका सिग्नलवर खर्च होणार आहे, हे आधीच कबूल.

पाच मिनिटं म्हणजे साधारण ४०० मीटर, मिनिटाला ८० मीटर या हिशोबाने. आता मध्ये सहा पदरी रस्ता घाला. सिग्नलची फेरी १२० सेकंदांची, त्यात पाऊल टाकायला सोयीची अशी ११ सेकंद धरा (दिव्याची ७, आणि तो लुकलुकायला लागल्यावरही लोक निघतात ती ४). फेरीतून ही ११ वजा करा, १०९ राहतात. त्यांचा वर्ग करून फेरीच्या दुपटीने भागा: सरासरी थांबणं ५० सेकंदांच्या आसपास येतं. तेवढ्यात माणूस साधारण ६५ मीटर चालला असता. म्हणजे ४०० मीटरवरचं दुकान पायांच्या हिशोबाने ४६५ मीटरवर. हे दिवा दर फेरीत आपणहून लागतो तेव्हाचं. बटणावर चालणारा सिग्नल असेल तर दिवा लागायच्या क्षणानंतर पोचलेल्याला अख्खी फेरी उभं राहावं लागतं, सरासरी ६० सेकंदांवर जाते, दुकान ४८० मीटरवर. दुरुस्तीने दुकान १५ मीटर मागे सरकलं. पंधरा मीटरसाठी एवढा त्रागा? हो. कारण सरासरी कुणी जगत नाही. पिशव्या घेऊन कोपऱ्यावर पोचावं, शेजारच्या गाड्यांना हिरवा मिळालेला दिसावा, त्याच दिशेने जाणाऱ्या माणसाला मात्र लाल, आणि तोही पुढची जवळजवळ दोन मिनिटं. मग लोक लाल असतानाच निघतात. ३० सेकंदांच्या पुढे थांबावं लागलं की चालणाऱ्यांचा धीर सुटतो, हे वाहतूक अभियंत्यांच्या हातपुस्तकांतही लिहिलेलं आहे. तरी फेरी १२० ची.

तक्रार केल्यावर रस्ते खात्याचं पहिलं उत्तर आलं: बटण चालू आहे, दाबल्यावर लाल ठिपका पेटतो. ठिपका पेटला म्हणजे बटणाने दाब ओळखला. ती मागणी कंट्रोलरपर्यंत पोचली का, आणि पोचून त्याने काय केलं, हे ठिपका सांगत नाही. तपासायची पद्धत सोपी आहे. लागोपाठ तीन फेऱ्या उभं राहा. पहिलीत बटणाला हात लावू नका, दुसरीत शेजारच्या गाड्यांचा हिरवा लागायच्या बराच आधी दाबा, तिसरीत तो लागल्यावर लगेच दाबा. पहिलीतही दिवा लागला तर सिग्नल आपणहून चालणाऱ्यांना सोडतो आहे, किंवा बटण रुतलं आहे. दुसरीत लागला आणि तिसरीत नाही, तर तो बटणावर चालतो. तिन्हींत नाही, तर बहुधा वायर तुटलेली आहे. घर बघायला जाताना सहा मिनिटं यात घालवा. नमुना फ्लॅटमधल्या दिव्यांचे खटके दाबून बघण्यापेक्षा ती सत्कारणी लागतात.

खात्याची बाजूही सांगतो, कारण त्यात तथ्य आहे. रस्ता २४ मीटर रुंद. चालण्याचा वेग सेकंदाला १.०७ मीटर धरतात (अमेरिकेच्या नियमावलीत २००९ पासून हाच आकडा आहे, त्याआधी १.२ होता), तर ओलांडायला २२-२३ सेकंद लागतात. त्याआधी पाऊल टाकायला ७ सेकंद. झाली ३०. गल्लीतून बाहेर पडणाऱ्या चार गाड्यांना मात्र १२ सेकंद पुरतात. म्हणजे दर फेरीत चालणाऱ्यांना आपणहून सोडलं की मुख्य रस्त्याचे १८ सेकंद जातात, कोपऱ्यावर कुणी नसलं तरी. म्हणून बटण. हिशोब बरोबर आहे, फक्त तो गाडीत बसून केलेला आहे. शिवाय १.०७ चा वेग सगळ्यांचा नसतो. गुडघे दुखणारा माणूस ०.९ नेच चालतो, त्याला २४ मीटरला २७ सेकंद लागतात. दिवा लागल्या लागल्या निघाला तर पोचतो. पाच सेकंद रेंगाळून निघाला तर शेवटच्या पदरात अडकतो.

मुळात दुकानं रस्त्यापलीकडे का? चूक बिल्डरची एकट्याची नाही. अमेरिकी नियोजनकार क्लॅरन्स पेरीने १९२९ मध्ये 'शेजारवस्ती'चा आराखडा मांडला: १६० एकर, पाव मैलाची (म्हणजे ४०० मीटरची) त्रिज्या, मध्यभागी शाळा, आणि दुकानं कडेला, मोठ्या रस्त्यांच्या चौकांवर, म्हणजे शेजारच्या वस्तीचं गिऱ्हाईकही मिळेल. दुकानदाराच्या बाजूने हे अगदी योग्य. पण मग चौकाच्या चार कोपऱ्यांवर दुकानं वाटली जातात आणि कुठल्याही एका वस्तीला त्यातला एकच कोपरा रस्ता न ओलांडता मिळतो. त्या एका कोपऱ्यावर किराणा आहे की फर्निचरचं शोरूम, यावर रोजचं पायी चालणं ठरतं. म्हणून वस्ती निवडताना आधी रस्त्याची बाजू ठरवा, इमारत नंतर. किराणा, औषधं आणि शाळा यांतल्या निदान दोन गोष्टी आपल्या बाजूला हव्यात. जिम आणि कॅफे पलीकडे असले तर बिघडत नाही, तिथे माणूस निवांत जातो.

वेबसाइटवरच्या अंकांचं थोडक्यात. पत्त्यापासून पायी किती गोष्टी गाठता येतात याला गुण देणारा वॉक स्कोअर २००७ पासून आहे. पाव मैलाच्या आत दुकान असलं की पूर्ण गुण, पुढे कमी होत जातात. दोन शहरांची तुलना करायला तो ठीक. सिग्नलवर किती थांबावं लागतं आणि गल्लीच्या टोकाचं फाटक रात्री बंद होतं का, हे त्यात येत नाही.

फाटकाची गोष्ट मोठी आहे. नकाशावर कंपासने ४०० मीटरचं वर्तुळ काढलं तर ५० हेक्टर येतात. पण माणूस कंपासच्या काट्यावरून चालत नाही, रस्त्याने चालतो. रस्ते अगदी काटकोनी जाळीचे असले तरी ४०० मीटर चालून पोचता येणारा भाग तिरक्या चौकोनाएवढा, ३२ हेक्टर, म्हणजे वर्तुळाच्या ६४ टक्केच. तोही जाळी बारीक असेल तर. अमेरिकेतल्या पोर्टलंडचा ठोकळा (दोन चौकांमधला तुकडा) ६० मीटरचा, सॉल्ट लेक सिटीचा २०० मीटरचा. दोन्ही काटकोनीच, पण दुसरीकडे एका चुकीच्या वळणाचा दंड तिप्पट. बंद गल्ल्यांच्या आराखड्यात तर मागच्या भिंतीपलीकडे दिसणारं दुकान सातशे-आठशे मीटरवर निघतं. इथे मागच्या बाजूला एक पायवाट आहे, ती या त्रुटीवर उतारा म्हणून चांगली काढली होती. फाटक रात्री दहाला बंद करायचं ठरलं आणि स्टेशनचं अंतर रात्रीपुरतं दुप्पट झालं. पायवाटेवर चालायचा हक्क जागेच्या कागदपत्रांत नोंदलेला आहे की ती नुसती सौजन्याने उघडी आहे, हे ताबा घेण्याआधी वाचून घ्या. सौजन्य बैठकीत बहुमताने संपतं.

आता जिथे मत बदललं ते. सहाव्या महिन्यापर्यंत टिपणात सगळ्यात वर 'खालच्या गाळ्यांचा आवाज' असं होतं. ते खोडलं. आवाज आहेच, पण गाळ्यांचा म्हणून सरसकट नाही. तीनच गोष्टींचा आहे: शीतगृहाचा कॉम्प्रेसर, पहाटे रिकाम्या होणाऱ्या काचेच्या बाटल्यांचा डबा, आणि व्यायामशाळेत जमिनीवर पडणारी वजनं. पहिल्या दोन खिडकी बंद केली की बऱ्याच कमी होतात. तिसरी नाही. काँक्रीटचा स्लॅब बोलण्याचा आवाज अडवतो, पण धक्का खांबांतून चढतो आणि चौथ्या मजल्यावरही पायाला जाणवतो. खाली व्यायामशाळा असेल किंवा येण्याची शक्यता असेल तर ती इमारत सोडून द्या. बाकी दुकानं चालतात. बंद दुकानांच्या शांततेपेक्षा ती परवडली.

कारण बंद दुकानं हा पुढचा रोग. नव्या वस्तीत तळमजल्याचे निम्मे गाळे वर्षभर कागद लावून बसलेले दिसतात आणि सगळे म्हणतात, गिऱ्हाईक नाही. काही अंशी खरं. कोपऱ्यावरचं छोटं दुकान पायी येणाऱ्यांवर तगायला आसपास हजारेक घरं लागतात, असा ढोबळ आडाखा आहे. वर्तुळाच्या ५० हेक्टरांत हजार घरं म्हणजे हेक्टरी २०. सुटे बंगले एवढी दाटी देत नाहीत. पण इमारतीतच दोष असतो तेव्हा घरं कितीही असोत, उपयोग नाही. गाळ्याची उंची बघा. तीन मीटरच्या आत असेल तर वातानुकूलनाच्या नळ्या आणि आग विझवायच्या पाइपलाइनी टांगल्यावर डोक्यावर छत येतं. साडेचार मीटर असली की दुकान दुकानासारखं दिसतं. दुसरं, स्वयंपाकघराचा धूर गच्चीपर्यंत नेणारा स्वतंत्र उभा मार्ग आहे का? बांधतानाच ठेवला नसेल तर नंतर घरांतून भोक पाडून नेता येत नाही, आणि मग तिथे खानावळ कधीच येणार नाही. येतील ती केशकर्तनालयं आणि घरं विकणाऱ्यांची कार्यालयं. आणि धुराचा मार्ग गच्चीपर्यंत न जाता मधल्याच छतावर संपत असेल तर त्याच्या लगेच वरचा मजला घेऊ नका.

शहरांवर लिहिणाऱ्या जेन जेकब्स यांनी १९६१ मध्ये चांगल्या रस्त्यासाठी ज्या अटी सांगितल्या त्यात आखूड ठोकळे आणि मिश्र वापर होते, तशाच जुन्या इमारतीही होत्या. पहिल्या दोन कुणीही बांधून देतो. जुनी इमारत, म्हणजे कर्ज फिटलेली आणि भाडं कमी असलेली जागा, नव्या वस्तीत मिळणं शक्यच नाही. म्हणून चपला शिवणारा, सायकल दुरुस्त करणारा, शिंपी इथे नाहीत. त्यांच्यासाठी शेजारची जुनी वसाहत गाठावी लागते. नवी वस्ती जुन्या गावाला चिकटून असेल तर दहा गुण जास्त द्या. मोकळ्या माळावर एकटी असेल तर पुढची पंचवीस वर्षं ती एकटीच.

पैशाचं. इथलं घर त्याच आकाराच्या, गाडीवर अवलंबून असलेल्या घरापेक्षा महाग पडतं, वरून सामाईक जागेचा देखभाल खर्च. तो वसूल होण्याचा खरा मार्ग एकच: दुसरी गाडी न ठेवणं. पहिली गाडी कमी वापरून विशेष वाचत नाही. विमा, कर आणि घसारा उभ्या गाडीलाही लागतात. म्हणून पार्किंगची जागा घराच्या किमतीत बांधून दिलेली आहे की वेगळी विकतात, हे विचारा. वेगळी असेल तर एकच घ्या. बांधून दिलेली असेल तर न वापरल्या जाणाऱ्या चौकोनासाठी वर्षानुवर्षं पैसे भरत राहाल. इथे दुसरी जागा परत देता येते, आणि त्याबद्दल या वस्तीला मनापासून पूर्ण तारा.

फुटपाथचं कौतुक माहितीपत्रकात फार असतं, प्रत्यक्षात बघायचं ते मोकळं अंतर. फुटपाथ तीन मीटर रुंद, पण झाडाचा खड्डा, दिव्याचा खांब आणि दुकानाचा फलक वजा करून १.८ मीटर उरले तर दोन चाकाच्या खुर्च्या समोरासमोरून जातात. कोपऱ्याचं वळणही बघा. कडेच्या दगडाची त्रिज्या तीन-चार मीटर असेल तर गाडीला वेग कमी करावाच लागतो, नऊ-दहा असेल तर ती तशीच घुसते आणि ओलांडायचं अंतरही वाढतं. सिग्नल टाळून वळायची मोकळी लेन असलेला चौक तर मुलांना शाळेत एकटं पाठवायच्या कामाचाच नाही.

पुन्हा बटणाकडे. दुसऱ्या अर्जात यंत्रसामग्री काहीच मागितली नव्हती. कंट्रोलरमध्ये 'रिकॉल' नावाची सोय असते. ती चालू केली की बटणाशिवाय दर फेरीत चालायचा दिवा लागतो, म्हणजे बटण रुतलं असताना जे फुकट मिळत होतं तेच. सोबत दुसरा पर्याय दिला होता: फेरी निम्मी, ६० सेकंदांची करा, थांबणं सरासरी २० सेकंदांवर येईल. निम्मी केली की पुढच्या-मागच्या चौकांशी जुळवलेला ताल मोडत नाही, दोन फेऱ्यांत एक बसते. हा नाकारला. कारण दिलं की ६० मध्ये ३० सेकंद चालणाऱ्यांना गेले तर गर्दीच्या वेळी मुख्य रस्ता तुंबेल, आणि ते खरंच आहे.

रिकॉल मात्र मिळालं, सकाळी दहा ते संध्याकाळी पाच. अर्धा तारा परत. पाचनंतर बटण दाबायला विसरू नका. एकदाच दाबा, पुन्हा पुन्हा दाबून दिवा लवकर लागत नाही, आणि परत रुतवायचं असेल तर त्याला बराच जोर लागतो.