मिसळ ते वाइनरी: नाशिकमध्ये काही महिने बाहेर खाल्ल्यानंतरचा अनुभव

नाशिकमध्ये जेवायला जागा निवडताना आधी रेटिंग बघितलं जातं, मग दर. मिसळीच्या बाकड्यापासून गंगापूर धरणाकडच्या वाइनरीपर्यंत काही महिने नियमित खाल्ल्यावर माझं ठाम मत झालं आहे की या दोन्हींच्या आधी घड्याळ बघावं. तोच आचारी, तोच पदार्थ, तेच पैसे, पण तासाभराच्या फरकाने ताट वेगळं येतं. त्यामुळे खाली कुठे जावं यापेक्षा कधी जावं, काय मागवावं आणि ताट समोर आल्यावर काय बघावं याबद्दल जास्त लिहिलं आहे.

सुरुवात अर्थात मिसळीपासून. नाशिकची मिसळ काळ्या मसाल्याची. कांदा आणि सुकं खोबरं काळपट होईपर्यंत भाजायचं, खडा मसाला परतायचा, सगळं बारीक वाटायचं आणि तेलात तेल सुटेपर्यंत परतायचं. या शेवटच्या पायरीवरच रस्सा जमतो किंवा फसतो. मसाला नीट परतला असेल तर तर्री वर मोकळी तरंगते आणि खालचा रस्सा एकजीव राहतो. घाईत पाणी ओतलं असेल तर वाटी दोन मिनिटं न हलवता ठेवा, वर पाणचट थर आणि तळाला मसाल्याचा गाळ दिसेल. असा रस्सा कितीही लालभडक असला तरी घशाला फक्त तिखट लागतो.

म्हणून पाव मोडायच्या आधी नुसता रस्सा चमच्याने घ्यावा. मागाहून कडवटपणा आला तर मसाला किंवा खोबरं करपलेलं आहे. खवट वास आला तर सुकं खोबरं जुनं. आधी भाजल्या कांद्याची गोडी आणि मग सावकाश चढणारा तिखटपणा जाणवला तर ती जागा लक्षात ठेवा. चुलीवरच्या मिसळीत, म्हणजे साधना मिसळसारख्या ठिकाणी, धुराचा हलका वास अपेक्षित असतो. पण धुरकट आणि करपट यात फरक आहे. लाकडाची आच एकसारखी नसते, पातेलं तळापासून हलवलं गेलं नाही तर खालचा मसाला लागतो आणि तो करपटपणा पूर्ण पातेल्यात उतरतो.

वेळ सकाळी साडेआठ ते दहा. त्याआधी उसळीत मसाला मुरलेला नसतो, मटकी वेगळी आणि रस्सा वेगळा लागतो. साडेअकरानंतर पातेलं आटत जातं, मीठ वर येतं, मटकी फुटून रस्सा दाट होतो आणि त्यावर उपाय म्हणून गरम पाणी वाढवलं जातं. रविवारी गर्दी असते म्हणून जाऊच नका, असं मात्र मी म्हणणार नाही. गर्दीत पातेली भराभर रिकामी होतात, त्यामुळे साडेदहाचा रस्साही ताजा मिळू शकतो. त्या दिवशी खरी अडचण पावाची. बेकरीचा पहिला माल संपला की कालचा पाव तव्यावर गरम करून येतो. तो वरून कुरकुरीत आणि आत कोरडा असतो, रस्सा शोषायच्या ऐवजी तुकडे पडतात.

फरसाण नेहमी वेगळ्या वाटीत मागावं. रस्स्यात पडल्यावर दोन-तीन मिनिटांत ते मऊ होतं आणि बेसनामुळे रस्सा घट्ट करतं. थोडं थोडं टाकत खाल्लं की शेवटच्या घासापर्यंत कुरकुरीत राहतं. लिंबू रस्स्यात न पिळता उसळीवर पिळावं. तिखट चढलं तर पाण्याने उपयोग होत नाही, मिरचीतला तिखट घटक पाण्यात विरघळत नाही. दह्यातली प्रथिनं आणि स्निग्धांश तो धरून ठेवतात, म्हणून ताटातली दह्याची वाटी आधीच संपवू नका. रस्सा दुसऱ्यांदा मागवल्यावर तो पहिल्यासारखाच आहे का, हेही बघण्यासारखं. चांगल्या ठिकाणी त्याच पातेल्यातून वाढतात, काही ठिकाणी दुसऱ्या वाढपाचं पातळ पातेलं वेगळं ठेवलेलं असतं.

साबुदाणा वडा हा दुसरा स्थानिक अभिमान, सायंतारा त्यासाठीच प्रसिद्ध आहे. हा पदार्थ पूर्णपणे कढईतून बाहेर पडल्यानंतरच्या पाच मिनिटांचा आहे. साबुदाणा जास्त भिजला असेल तर वडा आत चिकट राहतो आणि तेल पितो, कमी भिजला असेल तर दाणे तेलात फुटतात आणि मध्ये कडक कण लागतात. काचेच्या कपाटात रचून ठेवलेला वडा कुठेही घेऊ नये. पुढचा घाणा कधी, एवढं विचारून थांबावं.

मधल्या दर्जाच्या हॉटेलांत, म्हणजे कॉलेज रोड, गंगापूर रोडकडे कुटुंबासह जातो त्या पंजाबी-चायनीज जागांत, स्वयंपाकघर कसं चालतं हे माहीत असेल तर निम्मी निराशा टळते. बहुतेक ठिकाणी सकाळीच तीन ग्रेव्ही तयार करून ठेवतात: टोमॅटोची लाल मखनी, कांदा-टोमॅटोची पिवळी आणि काजू-मगजची पांढरी. मेनूत पनीरचे वीस प्रकार असले तरी ते याच तिन्हींच्या मिश्रणातून निघतात. चौघांनी पनीर बटर मसाला, पनीर मखनी आणि व्हेज मखनवाला मागवला तर टेबलावर एकच लाल ग्रेव्ही तीन भांड्यांत येते आणि मग 'सगळं सारखंच लागतं' अशी तक्रार होते. त्यापेक्षा एक लाल, एक पांढरी आणि एक कोरडी किंवा तव्यावरची भाजी घ्यावी. वेटरला 'यात कुठली ग्रेव्ही आहे?' असं सरळ विचारावं. चांगल्या हॉटेलात उत्तर लगेच मिळतं.

तंदूर पेटवल्यावर तापायला तासाभराचा वेळ घेतो. संध्याकाळी सातला पहिल्या गिऱ्हाइकाला मिळणारी रोटी बऱ्याचदा एका बाजूने पिठूळ असते. पावणेआठ ते पावणेनऊ हा काळ सर्वांत चांगला. शनिवारी सव्वानऊनंतर ऑर्डरचा ढीग लागतो, रोट्या एकावर एक रचल्या जातात आणि वाफेने चिवट होतात. तेव्हा एकदम आठ रोट्या मागवू नयेत, दोन-दोन मागवाव्यात.

नाशिकला खानदेश लागूनच असल्यामुळे इथे शेवभाजी, भरीत आणि कळण्याची भाकरी मनापासून करणाऱ्या जागा आहेत, आणि माझ्या मते या शहरात पैशाचं चीज इथेच सर्वांत जास्त होतं. शेवभाजीला जाड आणि तिखट शेवच हवी, बारीक शेव चालत नाही. ती वाढायच्या क्षणीच रस्स्यात पडली पाहिजे. पार्सल घेत असाल तर शेव वेगळ्या पिशवीत मागा, नाहीतर घरी पोचेपर्यंत पिठलं होईल. भरीत हिवाळ्यात खावं. थंडीतल्या भरताच्या वांग्यात बिया कमी आणि गर भरपूर असतो, उन्हाळ्यात तेच भरीत कडसर आणि बियाळ लागतं. कळण्याची भाकरी ज्वारी आणि उडदाच्या पिठाची, ती तव्यावरून थेट ताटात आली तरच घ्यावी.

काळ्या मसाल्याच्या मटणासाठी दुपारी साडेबारा ते दीड ही वेळ. खानावळीत सकाळी शिजलेलं मटण तेव्हा मुरलेलं असतं, आणि रात्री पुन्हा पुन्हा गरम होऊन धाग्याधाग्याचं होतं. बसल्या बसल्या आधी अळणी रस्सा मागावा. त्यात मसाला नसल्याने काहीच लपत नाही: बोकड कोवळं असेल तर रस्सा गोडसर आणि स्वच्छ लागतो, जून असेल किंवा मटण नीट धुतलेलं नसेल तर वास लगेच कळतो. त्र्यंबक रस्त्याकडच्या ढाब्यांवर किलोच्या हिशोबाने हंडी मिळते, तिथे किलो म्हणजे कच्च्या मटणाचं वजन ना, हे आधी पक्कं करावं. हाडांसह एक किलो भाकरीबरोबर चार-पाच जणांना पुरतं. चुलीवर ताजं शिजवायला तास-सव्वा तास लागतो, म्हणून निघतानाच फोन करावा. वीस मिनिटांत 'ताजी हंडी' आली तर ती ताजी नाही.

आता वाइनरी. सुला १९९९ मध्ये सुरू झाली आणि २००५ मध्ये त्यांनी टेस्टिंग रूम उघडली, तेव्हापासून गंगापूर धरणाच्या परिसरात वाइन आणि जेवण एकत्र मिळण्याचा रिवाज पडला. यॉर्क ही दुसरी वाइनरी तिथेच जवळ. जागा सुंदर आहेत, यात वाद नाही. पण द्राक्षं बघायची असतील तर जानेवारी ते मार्च याच काळात जा. नाशिककडे एप्रिलमध्ये खरड छाटणी (नवीन फांद्यांसाठी) आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळछाटणी (घडांसाठी) होते. पावसाळ्यात डोंगर हिरवेगार असतात, वेलीवर घड नसतो.

टेस्टिंगचा क्रम स्पार्कलिंग (बुडबुड्यांची), पांढरी, रोझे (गुलाबी), लाल आणि शेवटी गोड वाइन असा असतो. तो मोडू नये. आधी लाल घेतली की पांढरीची नाजूक फळांची चव लागतच नाही. घोट छोटेच असतात, तरी टेस्टिंगच्या आधी काहीतरी खाल्लेलं हवं.

तपमानाबद्दल मात्र आग्रही राहावं. पांढरी वाइन ८ ते १२ अंशांना, लाल १६ ते १८ अंशांना चांगली लागते. 'लाल वाइन रूम टेंपरेचरला' हा नियम थंड देशांतला, एप्रिलमधल्या नाशिकच्या उघड्या गच्चीवरचा नाही. ३० अंशांची शिराझ (एक लाल वाइन) नुसती दारूसारखी नाकात जाते. निःसंकोच आइस बकेट मागा आणि बाटली दहा-पंधरा मिनिटं त्यात ठेवा. ग्लासने घेत असाल तर बाटली कधी उघडली ते विचारा. कालपासून उघडी असलेली पांढरी वाइन निर्जीव, बेचव लागते, अशी आली तर बदलून मागावी. ७५० मिलिच्या बाटलीतून १५० मिलिचे पाच ग्लास निघतात. तिघांपेक्षा जास्त असाल तर दोन्ही दरांचा हिशोब करून बघा, बाटली बहुतेक वेळा स्वस्त पडते.

जेवणाशी जोडी लावताना आपलं तिखट विसरू नये. अल्कोहोल आणि टॅनिन (लाल वाइनमधला तुरट घटक) दोन्ही तिखटाची आग वाढवतात. तिखट कबाब किंवा काळ्या मसाल्याच्या पदार्थाबरोबर दणकट लाल वाइन घेतली की दोन्ही टोचतात. किंचित गोडसर, थंडगार शेनिन ब्लांक ही पांढरी वाइन घेऊन बघा, फरक पहिल्याच घासाला कळेल. लाल वाइन मशरूम, चीज किंवा कमी तिखट मटणाबरोबर ठेवा.

इथेही घड्याळ आहेच. सूर्यास्तासाठी सगळे एकत्र येतात आणि सूर्य बुडाला की सगळ्या टेबलांच्या ऑर्डर पंधरा मिनिटांत स्वयंपाकघरावर कोसळतात. जेवणाची ऑर्डर सहाच्या आतच द्यावी. लाकडाच्या भट्टीतला पिझ्झा दोन-तीन मिनिटांत होतो, पण एकामागून एक पिझ्झे गेले की भट्टीचा तळ थंड पडतो. पिझ्झा आल्यावर तुकडा उचलून खालची बाजू बघा. तिथे तपकिरी डाग नसतील, पीठ पांढरं आणि मध्ये ओलसर असेल तर परत पाठवा, तो पुन्हा भाजून मिळतो. शहरात परतायच्या गाडीची सोय जातानाच करून ठेवा. रात्री तिथून ॲपवर गाडी मिळेलच असं नाही, आणि वाइन घेऊन स्टिअरिंगवर बसायचा प्रश्नच येत नाही.

मोठ्या हॉटेलांतल्या बुफेबद्दल थोडक्यात: सुरू झाल्यापासून पहिल्या पाऊण तासात जा. झाकण उचलल्यावर वाफ आली नाही तर तो पदार्थ सोडून द्या, गरम अन्न ६० अंशांच्या वर राहायला हवं. बिर्याणी बुफेत कोरडी पडते, त्यापेक्षा समोर करून देणाऱ्या काउंटरवर भर द्या.

बिलाकडे सगळीकडे नीट बघा. साध्या रेस्टॉरंटमध्ये जेवणावर जीएसटी ५ टक्के, म्हणजे २.५ केंद्राचा आणि २.५ राज्याचा. काही मोठ्या, महागड्या खोल्यांच्या हॉटेलांतल्या रेस्टॉरंटमध्ये तो १८ टक्के असतो. वाइनवर जीएसटी नाही, राज्याचा व्हॅट लागतो, म्हणून बिलात जेवण आणि मद्य वेगळं दाखवलेलं हवं आणि ५ टक्के फक्त जेवणाच्या रकमेवर लावलेले हवेत. कंपोझिशन योजनेतली (उलाढालीवर ठरावीक दराने स्वतः कर भरणारी) छोटी हॉटेलं ग्राहकाकडून जीएसटी घेऊच शकत नाहीत. त्यांनी तसा फलक लावायचा असतो, फलक असूनही कर लावला तर तो काढायला सांगा.

सेवा शुल्क ऐच्छिक आहे. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जुलै २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ते आपोआप लावता येत नाही, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये त्या सूचना योग्य ठरवल्या. १,००० रुपयांच्या जेवणावर १० टक्के सेवा शुल्क आणि त्यावर जीएसटी धरला तर बिल १,१५५ होतं, शुल्काशिवाय १,०५०. काढायला नकार दिला तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. बाटलीबंद पाण्याच्या एमआरपीवरून मात्र वाद घालू नका. टेबलावर वाढलेल्या पाण्याला छापील किमतीपेक्षा जास्त घ्यायला सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्येच परवानगी दिली आहे. बसल्यावर लगेच साधं पाणी मागितलं की तो खर्चच उरत नाही.