ग्रीकांचं डोक्यावरचं सोनं बघायचंय: वेरगिना, थेस्सलोनिकी की अथेन्स?

ग्रीसला जाणारे आपले लोक बहुतेक अथेन्स आणि सांतोरिनी करून परततात. प्राचीन ग्रीकांचे सोन्याचे मुकुट आणि डायडेम, म्हणजे कपाळावर बांधायच्या पट्ट्या, बघायचे असतील तर हा बेत थोडा मोडावा लागेल, कारण खरा ऐवज उत्तरेला, मॅसेडोनियात आहे. पांगायोन डोंगराजवळच्या खाणी इ.स.पू. ३५६च्या सुमारास तिथला राजा दुसरा फिलिप याच्या हाती आल्या, आणि पुढे त्याच्या मुलाने, म्हणजे अलेक्झांडरने, इराणचे खजिने उघडले. शिवाय मॅसेडोनियातले बडे लोक सोनं मृताबरोबर पुरत. अथेन्सच्या देवळांतही सोन्याचे मुकुट वाहिले जायचे, त्यांच्या याद्या दगडावर कोरलेल्या सापडतात. पण देवळातलं सोनं अडीअडचणीला वितळवलं जातं, थडग्यातलं तसंच राहतं.

एकच ठिकाण जमणार असेल तर माझं मत वेरगिनाला. थेस्सलोनिकीपासून साधारण ७५ किलोमीटर. बसने आधी वेरिया आणि तिथून दुसरी बस. १९७७ मध्ये पुरातत्त्वज्ञ मानोलिस आंद्रोनिकोस यांनी इथल्या मोठ्या टेकाडाखाली न लुटलेलं राजथडगं उघडलं. संग्रहालय त्याच टेकाडाच्या पोटात आहे, त्यामुळे वस्तू जिथे निघाल्या त्याच जागी बघायला मिळतात. आतल्या सोन्याच्या पेटीत अस्थी होत्या आणि त्यांच्यावर ओकच्या पानांचा मुकुट: ३१३ पानं, ६८ फळं, वजन सुमारे ७१४ ग्रॅम. जुन्या तोळ्याने ६१ तोळे भरतात! चितेच्या अवशेषांतही याच मुकुटाचे तुकडे मिळाले, म्हणजे तो चितेपर्यंत राजाच्या सोबत होता. हा राजा स्वतः फिलिप की त्याचा दुसरा मुलगा अर्‍हिडायोस, यावर अभ्यासक अजून भांडतात. बघणाऱ्याचं त्यात काही अडत नाही.

गर्दी याच मुकुटापुढे होते. तुम्ही मात्र जास्त वेळ स्त्रीच्या डायडेमपुढे काढा. थडग्याच्या बाहेरच्या दालनातल्या लहान पेटीत, सोनेरी-जांभळ्या कापडात गुंडाळलेल्या अस्थींबरोबर तो होता. मध्ये हेराक्लीसची गाठ (दोन फासे एकमेकांत ओवलेली), दोन्ही बाजूंना वळत गेलेल्या वेली, फुलं आणि त्यांच्यावर इवल्याशा मधमाश्या. ओकचा मुकुट म्हणजे पत्र्याची पानं कापून, शिरा उठवून, देठाने पोकळ नळीत बसवायची. काम चोख, पण एकच गोष्ट शेकडो वेळा केलेली. डायडेममध्ये तारकामाचा प्रत्येक वळसा वेगळा विचार करून घातलेला दिसतो. आपल्याकडच्या जुन्या केतकात किंवा अग्रफुलात रस असलेल्यांना हा फरक लगेच कळेल. वेरगिनाची एक अडचण सांगतो: आत प्रकाश मंद असतो आणि बारीक काम बघायला डोळे ताणावे लागतात. उतारवयातली मंडळी बरोबर असतील तर हे लक्षात घ्या.

थेस्सलोनिकीचं पुरातत्त्व संग्रहालय सोयीत सरस आहे. शहरातच आहे, आणि ‘मॅसेडोनचं सोनं’ हे दालन खाणीपासून सोनाराच्या पाटापर्यंतची गोष्ट नीट सांगतं. शहराजवळच्या डेर्वेनीच्या थडग्यांत १९६२ मध्ये सापडलेला ऐवज इथेच. ज्याला ‘हे बनवलं कसं’ हाच प्रश्न आहे, त्याने वेरगिनाच्या आधी इथे यावं. पत्रा, तार आणि रवाकाम (सोन्याचे बारीक दाणे जोडणं) इथे समजून घेतलं की तिकडचा डायडेम दुप्पट दिसतो.

इथलाच एक पर्णमुकुट निळ्या-हिरव्या काचलेपाने सजवलेला आहे. अमेरिकेतल्या गेटी संग्रहालयाने तो १९९३ मध्ये ११ लाख ५० हजार डॉलरना घेतला होता. चोरट्या उत्खननातून आल्याच्या वादानंतर २००७ मध्ये परत केला. सुंदर आहे, प्रश्नच नाही. पण तो कुणाच्या थडग्यातून निघाला, बाजूला काय होतं, हे सगळं पुसलं गेलंय. वेरगिनाचं पारडं माझ्या लेखी जड होतं ते यामुळेच.

अथेन्सचं राष्ट्रीय संग्रहालय वाईट नाही, त्याचा काळच वेगळा आहे. पानांच्या मुकुटांसाठी तिथे गेलात तर हिरमोड होईल. दक्षिण ग्रीसमधल्या मायसीनी या प्राचीन नगरीच्या थडग्यांतले, जर्मन उत्खननकार हाइनरिक श्लीमानने १८७६ मध्ये काढलेले डायडेम मात्र तिथे आहेत: वर्तुळं आणि फुलं उठवलेला रुंद, पातळ पत्रा, फिलिपच्या हजाराहून जास्त वर्षं आधीचा. तो रोजच्या वापराचा नाही, प्रेतासाठीच केलेला असावा असं बघताक्षणी वाटतं. त्याच इमारतीत स्ताथातोस संग्रह आहे. त्यातली अंबाड्यावर बसणारी, मध्ये देवतेचा मुखवटा असलेली सोन्याची पदकं बघायला विसरू नका. साखळ्यांच्या जाळीने ती केसांना धरलेली असत. लग्नातल्या दागिन्यांची आवड असणाऱ्यांना मुकुटांपेक्षा हीच भावतील.

दोन दिवस हाताशी असतील तर पहिला थेस्सलोनिकीला, दुसरा वेरगिनाला द्या. अथेन्सला विमान बदलताना अर्धा दिवस मिळाला तर मायसीनीचं दालन होतं. वेळा हंगामानुसार बदलतात, जाण्याआधी संकेतस्थळ बघा.

आणि लंडनला असाल, ग्रीसचा योग नसेल, तर ब्रिटिश म्युझियममध्ये तुर्कस्तानातल्या दार्दानेल्स सामुद्रधुनीजवळून आलेला ओकचा मुकुट आहे. त्यावर एक मधमाशी आणि दोन रातकिड्यांसारखे सिकाडा बसलेत. प्रवेश फुकट.