एकाच कोडवर चार व्हिसे

व्हिएतनामचा पर्यटक ई-व्हिसा घरबसल्या २५ डॉलरना मिळतो, म्हणजे आपले दोन-सव्वादोन हजार रुपये. पुन्हा पुन्हा ये-जा करायची असेल तर ५० डॉलर. गोव्यात म्हापशातल्या एका एजंटने आमच्याकडून माणशी साडेसहा हजार घेतले. तक्रार या फरकाबद्दल नाही, कोणी आपल्यासाठी खपत असेल तर त्याने मेहनताना घ्यावा. तक्रार ही, की चौघांचे पैसे घेऊन त्याने व्हिसा एकाचाच काढला आणि उरलेले तीन संगणकावर बसून तयार केले.

आमच्या डिचोलीत गणपतीची चवथ आटोपली की दिवाळीच्या सुट्टीचे बेत सुरू होतात. नवरा, मी, मुलगा आणि सासूबाई असे चौघे निघणार होतो. विमानाची तिकिटे आम्हीच काढली होती, मुंबईहून कोलकातामार्गे हनोई. व्हिसा, हॉटेले आणि हालाँग बेची बोट एजंटकडे दिली. नवऱ्याच्या ऑफिसातले दोघे त्याच्याकडूनच बालीला जाऊन सुखरूप परतले होते, त्यामुळे शंका यायला जागा नव्हती. पहिल्या मजल्यावर ऑफिस, टेबलावर गणपती, भिंतीवर आयफेल टॉवर. माणूस गोड बोलणारा. "वयनी, तुमी कसलीच काळजी करूं नाकात. फोटो आणि पासपोर्टचं पान पाठवा. अर्जात ईमेल आमचाच घालतो, तुमच्यामागे कटकट नको."

सगळी मेख या ईमेलमध्ये आहे, म्हणून इथे थोडी थांबते. व्हिएतनामच्या सरकारी संकेतस्थळावर अर्ज भरला की एक नोंदणी कोड मिळतो. तो कोड, अर्जातला ईमेल आणि जन्मतारीख अशा तिन्ही गोष्टी घातल्या की अर्जाचे काय झाले ते कोणालाही तिथे पाहता येते आणि मंजूर व्हिसा तिथूनच उतरवून घेता येतो. ईमेल एजंटचा असेल तर जन्मतारीख तुमची, पासपोर्ट तुमचा, पण नोंद मात्र तुम्हाला उघडून पाहता येत नाही. तो व्हॉट्सअॅपवर पाठवेल ती पीडीएफ हाच तुमचा व्हिसा.

तशा चार पीडीएफ आल्या. नावे बरोबर, पासपोर्ट क्रमांक बरोबर, फोटो बरोबर. सासूबाईंनी तर आपली प्रत पासपोर्टच्या प्लास्टिकच्या कव्हरात घालून देवापुढे ठेवली.

थिवीहून कोकणकन्या धरून मुंबई गाठली, दिवसभर मावशीकडे काढला आणि रात्री विमानतळावर गेलो. काउंटरवरच्या मुलीने चारही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि ती पाहतच राहिली. मग तिने सुपरवायझरला बोलावले. त्याने बोट ठेवून दाखवले: चौघांच्या कागदावर नोंदणी कोड एकच. कुटुंब एक असले तरी अर्ज प्रत्येकाचा वेगळा असतो आणि कोडही वेगळा. शिवाय तिघांच्या कागदावर नावाची अक्षरे बाकीच्या मजकुरापेक्षा किंचित जाड होती. एकदा दिसल्यावर ती दिसतच राहिली.

एजंटला फोन लावला. आधी म्हणाला सिस्टीमची चूक आहे. मग म्हणाला, तिथे उतरल्यावर व्हिसा मिळतो, यांना सांगा. सुपरवायझरने शांतपणे सांगितले की पर्यटकाला तिथे उतरून व्हिसा हवा असेल तर त्यासाठीही आधी मंजुरीचे पत्र लागते, ते नसेल तर आम्ही विमानात बसवू शकत नाही. त्याचेही बरोबर होते, कागद नसलेला प्रवासी नेला तर परत आणण्याची जबाबदारी विमान कंपनीवर पडते. शेवटी मावशीच्या मुलाने आवाज चढवल्यावर एजंटने अर्जातला ईमेल सांगितला. सरकारी संकेतस्थळावर नवऱ्याची जन्मतारीख घातली तर नोंद निघाली, आमच्या तिघांची घातली तर काहीच नाही. "साहेब जाऊ शकतात," सुपरवायझर म्हणाला. सासूबाई म्हणाल्या, "जा रे बाबा, बोटीत चौघांची जागा तुलाच."

मोबाइलवर शोधू लागलो तर 'तातडीचा व्हिसा, काही तासांत' अशा जाहिरातींचा ढीग समोर आला. दिसायला सगळी संकेतस्थळे सरकारीच, दर मात्र अनेक पटींनी जास्त. खरा पत्ता 'गव्ह डॉट व्हीएन'ने संपतो. शोधल्यावर सगळ्यात वर येणारे पत्ते बहुधा पैसे देऊन वर आलेले असतात. आमच्यासारखे आणखी एक जोडपे तिथेच बाकावर बसून अशा एका संकेतस्थळावर कार्डाचे आकडे भरत होते. त्यांना थांबवले, एवढेच त्या रात्रीचे पुण्य.

हॉटेलांचे नंतर कळले. हनोईच्या हॉटेलला आम्ही मेल केला तर उत्तर आले, बुकिंग झाले होते आणि चारच दिवसांनी रद्द झाले. फुकटात रद्द होणारी खोली घ्यायची, पावती गिऱ्हाइकाला पाठवायची आणि मागून ती सोडून द्यायची, अशी ही रीत. बिलात त्याने टीसीएसही, म्हणजे परदेश सहलीवर एजंटाने गोळा करून सरकारला भरायचा आयकर, लावला होता. तो सरकारजमा झाला असता तर नवऱ्याच्या पॅनवर, आयकर खात्याच्या फॉर्म २६एएसमध्ये दिसला असता. तिथे काहीच नव्हते. आणि पैसे? ते एजंटच्या 'बहिणीच्या' खात्यावर यूपीआयने गेलेले.

ज्याच्यावर अशी वेळ आली असेल त्याने आधी एक काम करावे: व्हॉट्सअॅपवरची मूळ पीडीएफ जपून ठेवावी. नुसता स्क्रीनशॉट कामाचा नाही. भाच्याने त्या फायलींची माहिती उघडून पाहिली तर तिन्ही बनावट व्हिसे एकाच संध्याकाळी काही मिनिटांच्या अंतराने बनवलेले निघाले, आणि कोणत्या सॉफ्टवेअरमध्ये तेही तिथे लिहिलेले होते.

१९३० या क्रमांकावर ऑनलाइन फसवणुकीची तक्रार घेतात. पैसे नुकतेच गेले असतील तर ते वाटेत गोठवता येतात. आमचे कधीच पुढे गेले होते, तरी नोंद केली. पहिल्या पोलीस ठाण्यात "म्हापशाला जा" असे सांगितले. त्याच ठाण्यात भाच्याने नव्या फौजदारी प्रक्रिया संहितेतले, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतले कलम १७३ वाचून दाखवले: गुन्हा कोणत्याही हद्दीतला असो, खबर कुठल्याही ठाण्यात देता येते. मग घेतली. आमच्या अर्जात भारतीय न्याय संहितेचे फसवणुकीचे कलम ३१८(४) होते, त्यात सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. बनावट दस्तऐवजाची कलमे वेगळी. शिवाय गोव्यात ट्रॅव्हल एजंटाला १९८२ च्या कायद्याखाली पर्यटन खात्याकडे नोंदणी करावी लागते. हा प्रश्न त्याला कोणी विचारत नाही, आणि नोंदणीचे प्रमाणपत्र काही आयफेल टॉवरशेजारी टांगलेले नव्हते.

तिकिटांचे पैसे बुडाले, पण सगळे नाही. विमान कंपनी भारतीय होती. डीजीसीए, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणारे सरकारी खाते, त्याच्या नियमाप्रमाणे तिकीट 'नॉन-रिफंडेबल' असले आणि प्रवासी आलाच नाही, तरी सरकारी कर आणि विमानतळाचे शुल्क परत द्यावे लागते. मागितल्यावर मिळाले. न मागता कोणी देत नाही.

पोलिसांचा फोन गेल्यावर एजंट घरी आला. हातात मिठाईचा बॉक्स, खिशात चेक, आणि बोलणे एकच: तक्रार मागे घ्या, बदनामी नको. चेक घेतला, तक्रार तशीच ठेवली. मिठाई सासूबाईंनी परत केली. चेक वटला नाही. बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यावी लागते, नोटीस पोचल्यावर पैसे भरायला त्याला १५ दिवस, आणि तेही टळले तर पुढच्या एका महिन्यात कोर्टात फिर्याद. ही मुदत पाळली नाही तर तो चेक नुसता कागद उरतो, आणि 'पुढच्या सोमवारी नक्की' म्हणणाऱ्याला तेच हवे असते. आमची नोटीस गेली आहे. ग्राहक आयोगाकडेही अर्ज केला. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही आणि वकीलही सक्तीचा नाही.

ऑफिस अजून तिथेच आहे, फक्त पाटी नव्या नावाची. मे महिन्याच्या सुट्टीसाठी आता व्हिएतनामच्या जोडीला अझरबैजानच्या राजधानीची, बाकूची जाहिरात लावली आहे. अझरबैजानचा व्हिसाही ऑनलाइनच निघतो, आणि त्या अर्जातही ईमेलचा रकाना आहे.