बाबांची दुनाली आणि लष्करमधलं बंदुकीचं दुकान

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात महाराज बाड्यापासून आत गेलं की बंदुकांचं एक जुनं दुकान लागतं. नाव देत नाही, कारण मालकांनीच हात जोडले: "दीदी, किसकी बंदूक यहाँ रखी है, इसका प्रचार मत कीजिए." बाबांची बारा बोरची दुनाली, म्हणजे दोन नळ्यांची बंदूक, सध्या तिथे जमा आहे, त्या अनुभवावर हे लिहिते आहे.

लायसनदार वारला की बंदूक घरात ठेवणं बेकायदा होतं, हे आमच्यासारख्या घरांना तेरावं उरकल्यावर कळतं. ती ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची, मग मुदतीत वारसाने आपल्या नावावर लायसन काढायचं, नाहीतर ती विकायची. काहीच केलं नाही तर सरकारजमा. ठाणं आम्ही आधीच बाद केलं होतं. निवडणुकीची आचारसंहिता लागली की बाबा बंदूक जमा करायचे, आणि एका वर्षी ती ठाण्यातून परत आली ती लाकडी दस्त्याला चीर घेऊनच. मालखान्यात सरपणासारख्या रचून ठेवतात, दुसरं काय होणार!

दुकानात मात्र काम बघत राहावं असं होतं. मालकांनी दुनाली उघडून आधी रिकामी आहे ना ते पाहिलं, भिंग लावून नळीवरचा नंबर वाचला, लायसनच्या पुस्तिकेशी ताडला, मग लायसनचा युनिक नंबर संगणकात घातला. मृत्यूचा दाखला घेतला. आईचं, माझं आणि भावाचं संमतीपत्र मागितलं. भावाचं पुण्याहून व्हॉट्सॲपवर आलं होतं. ते चालणार नाही म्हणाले. बंदूक ठेवून घेतली, पावती दिली, पण पुढची फाइल अस्सल सही हातात पडेपर्यंत हलवायची नाही. मी बऱ्यापैकी तणतणले.

सोबत भाचा होता, शिकागोजवळ राहतो, सुट्टीवर आला होता. बाहेर पडल्यावर म्हणाला, "मावशी, त्यांच्यावर चिडू नकोस. आमच्याकडे अशाच एका सहीमागे सात माणसं गेली."

इलिनॉयमध्ये बंदूक घ्यायला आधी राज्य पोलिसांचं ओळखपत्र काढावं लागतं, आणि एकविसाच्या आतल्याला त्यासाठी पालकाची सही लागते. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये घरच्यांना मारून टाकण्याची धमकी दिली म्हणून एका पोराच्या घरातून पोलिसांनी चाकू उचलून नेले. डिसेंबरात त्याच पोराच्या अर्जावर बापाने सही केली. अर्ज मंजूर झाला. ४ जुलै २०२२ ला हायलंड पार्कच्या स्वातंत्र्यदिनाच्या मिरवणुकीवर त्याने गच्चीवरून गोळ्या झाडल्या. धोकादायक माणसाची बंदूक कोर्टाकडून काढून घेण्याचा कायदा त्या राज्यात २०१९ च्या जानेवारीपासून होता. कोर्टात कोणी गेलंच नाही. बापाने पुढे २०२३ मध्ये बेपर्वाईचा गुन्हा कबूल केला.

मग राज्यांचे कायदे कुचकामी म्हणायचे का? भाचा तसंच म्हणतो, कारण शेजारीच इंडियाना आहे. तिथे खाजगी विक्रेत्याला गिऱ्हाइकाची चौकशी करायचं बंधन नाही. दुसऱ्या राज्याच्या माणसाला असं परस्पर विकणं केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे, पण विचारतो कोण? शिकागोच्या २०१७ च्या अहवालात, गुन्ह्यांत सापडून माग लागलेल्या बंदुकांपैकी निम्म्याहून जास्त बाहेरच्या राज्यांतल्या होत्या आणि त्यांत इंडियाना पहिला. मला हे अर्धंच पटतं. कनेक्टिकटने १९९५ मध्ये पिस्तूल घेण्याआधी परवाना सक्तीचा केला, मिसुरीने तसाच आपला जुना नियम २००७ मध्ये काढून टाकला. जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी दोन्हीकडचे आकडे तपासले, तर पहिलीकडे बंदुकीने होणारे खून घटलेले, दुसरीकडे वाढलेले. म्हणजे नियमाचा उपयोग होतो, पण बंदूक एका हातातून दुसऱ्या हातात जाताना मध्ये कोणीतरी रजिस्टर उघडून बसलेला असेल तरच.

आपल्याकडे उलट. १९५९ चा शस्त्र कायदा देशभर एकच, तऱ्हा मात्र जिल्ह्याजिल्ह्याला वेगळी. शेजारच्या शिवपुरीत २००८ मध्ये नसबंदी करणाऱ्याला लायसन लवकर देऊ केलं होतं. आमच्या ग्वाल्हेरात २०१९ मध्ये अर्जदाराने दहा रोपं लावून त्यांच्यासोबत सेल्फी द्यायचा, असं फर्मान निघालं. त्याच वर्षाच्या शेवटी गोशाळेला घोंगड्या. झाडं लावणारा गोळ्या झाडत नाही, हे कोणी तपासलं होतं कोण जाणे.

आणि बेकायदा गावठी कट्ट्याला रोप लागत नाही की घोंगडी. मालक म्हणाले, त्यांच्या रजिस्टरातल्या बंदुकांनी खून क्वचितच होतो, कारण नंबर लगेच सापडतो. बाकी सगळं रजिस्टरबाहेर. १९४८ मध्ये बिर्ला भवनात गांधीजींवर चाललेलं बेरेटा पिस्तूलही ग्वाल्हेरहूनच गेलं होतं, आणि तेही कुठल्या दुकानाच्या वहीतून गेलं नव्हतं. या विषयावर आमच्या लष्करातल्या मराठी बैठकीत अजूनही कोणीतरी चहा आणायला उठतं.

दुसऱ्या खेपेला गेले तेव्हा काउंटरवर एक तरुण काडतुसं मागत होता. मालकांनी आधीची रिकामी टरफलं मागितली. ती नव्हती, म्हणून त्याने समजूत घालायला बहिणीची लग्नपत्रिका काढली. "पत्रिका दिखा दी? अब तो बिल्कुल नहीं," म्हणत मालकांनी भिंतीवरच्या कागदाकडे बोट केलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर वरातीत आनंदाने उडवलेल्या बारालाही दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पोरगा तोंड वाकडं करून गेला. गिऱ्हाईक गेलं म्हणून मालकांना काही वाटलेलं दिसलं नाही. या दुकानाला मी पाचपैकी साडेचार देते, ते मुख्यतः यासाठी.

अर्धा कापला तो साठवणीपायी. मागची खोली ओलसर आहे आणि पावसाळ्यात नळीला गंज धरतो. तेल लावतात, पण आठवण केली तरच. विक्रीचंही फार मनावर घेऊ नका. जुन्या दुनालीला गिऱ्हाईक नाही, हल्लीच्या पोरांना कानपूरचं बत्तीस बोर हवं असतं. भावाला ती दसऱ्याच्या शस्त्रपूजेला हवी आहे. मी म्हटलं, मग ये इकडे आणि काढ स्वतःच्या नावावर लायसन. तेव्हापासून फोन नाही.

जाणार असाल तर मूळ लायसन, मृत्यूचा दाखला आणि सगळ्या वारसांच्या अस्सल सह्या बरोबर न्या. आचारसंहिता लागण्याच्या सुमाराला अजिबात जाऊ नका, रांग रस्त्यापर्यंत येते. गाडी बाड्यावर लावायला जागा मिळत नाही, आणि बंदूक हातात घेऊन चालायचं म्हणजे लोक वळून बघतात, तेव्हा ई-रिक्षा दुकानाच्या दारापर्यंत न्या. पावतीवर बंदुकीचा नंबर नीट उतरलाय का ते तिथेच वाचून घ्या. आमच्या पावतीत एक आकडा खोडून पुन्हा लिहिला होता, त्यावर मालकांची छोटी सही मागून घेतली.