लिस्टमंक: परत आलेल्या मेलचा हिशेब ठेवणारे सॉफ्टवेअर

सुमारे चार हजार सदस्यांच्या यादीला दर महिन्याला वार्तापत्र पाठवण्याचे काम माझ्याकडे आहे, आणि त्यात परत आलेल्या मेलचे काय करायचे हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आधी आम्ही जी सेवा वापरत होतो ती परत आलेला प्रत्येक मेल एकाच मापाने मोजत असे. ज्यांचा मेलबॉक्स केवळ भरला होता असे कितीतरी जुने वाचक तिने परस्पर यादीतून काढून टाकले, आणि हे आम्हाला कळले ते त्यांच्यापैकी एका बाईंनी अंक का येत नाही असे विचारल्यावर. त्यानंतर आम्ही लिस्टमंक हे वार्तापत्रे पाठवण्याचे मुक्त स्रोत सॉफ्टवेअर स्वतःच्या सर्व्हरवर बसवले. वर्षभर वापरून झाल्यावर हे परीक्षण केवळ त्याच्या बाउन्स (म्हणजे न पोहोचता परत आलेला मेल) हाताळणीपुरते लिहीत आहे.

मेल न स्वीकारणारा सर्व्हर उत्तरादाखल तीन अंकी कोड देतो. तो ४ ने सुरू होत असेल तर अडचण तात्पुरती असते, ५ ने सुरू होत असेल तर नकार कायमचा मानला जातो. मात्र खरी माहिती त्याच्या शेजारच्या तपशीलवार कोडमध्ये असते: ५.१.१ म्हणजे असा पत्ताच नाही, ५.२.२ म्हणजे मेलबॉक्स भरला आहे, आणि ५.७.१ म्हणजे सर्व्हरच्या धोरणामुळे नकार, ज्यात दोष वाचकाच्या पत्त्यात नसून बहुधा पाठवणाऱ्याच्या व्यवस्थेत असतो. नुसता पहिला ५ पाहून पत्ता रद्द केला, तर चांगला वाचक हकनाक गमावला जातो.

लिस्टमंक तात्पुरते बाउन्स, कायमचे बाउन्स आणि स्पॅमच्या तक्रारी असे तीन गट स्वतंत्र मोजते, आणि प्रत्येक गटासाठी किती वेळा झाल्यावर काय करायचे हे आपल्याला ठरवता येते: काहीच न करणे, सदस्यत्व थांबवणे, ब्लॉकलिस्टमध्ये (ज्यांना पुढे मेल जातच नाही अशांच्या यादीत) टाकणे किंवा नोंदच पुसणे. आम्ही कायमच्या बाउन्सला आणि तक्रारीला पहिल्याच वेळी ब्लॉकलिस्ट ठेवली आहे. नोंद पुसण्याचा पर्याय मी कोणालाही सुचवणार नाही, कारण पत्ता का बंद केला याचा पुरावाही तिच्याबरोबर जातो.

आम्ही मेल ॲमेझॉन एसईएस या ॲमेझॉनच्या मेल पाठवणाऱ्या सेवेतून पाठवतो आणि तिथून बाउन्सची सूचना वेबहुकने, म्हणजे एका सर्व्हरने दुसऱ्याला आपोआप पाठवलेल्या संदेशाने, थेट लिस्टमंककडे येते. एसईएस भरलेल्या मेलबॉक्सला तात्पुरत्या गटात धरते, त्यामुळे आमची जुनी अडचण सुटली. बाउन्सची नोंद उघडली की सर्व्हरचे मूळ उत्तर वाचायला मिळते, ही मला सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. अशाच एका नोंदीत ५५० ५.१.१ दिसल्यावर मी तो पत्ता सदस्याच्या मूळ अर्जाशी ताडून पाहिला, तेव्हा आमच्याच टंकलेखनात शेवटचे अक्षर गळाल्याचे आढळले. पत्ता दुरुस्त केला आणि पुढचा अंक पोहोचला.

वेबहुक नसेल तर पॉप (सर्व्हरवरचे मेल उतरवून घेण्याची पद्धत) मेलबॉक्समधूनही बाउन्स वाचता येतात, पण त्यासाठी स्वतंत्र मेलबॉक्स ठेवून त्याचा पत्ता रिटर्न-पाथ, म्हणजे परतीचा पत्ता, म्हणून देणे उत्तम. परतीचा मेल पाकिटावरच्या म्हणजे रिटर्न-पाथच्या पत्त्याकडे जातो, आतल्या पत्रावर पाठवणारा म्हणून दिसणाऱ्या पत्त्याकडे नव्हे, आणि नवखे लोक इथेच अडकतात.

एक उणीव मात्र स्पष्टपणे सांगितली पाहिजे. बाउन्सची मोजणी साठत जाते, तिला कालमर्यादा नाही. तीन वर्षांत तीनदा मेलबॉक्स भरलेला वाचक आणि सलग तीन अंक परत आलेला वाचक तिच्या दृष्टीने सारखेच ठरतात. म्हणून तात्पुरत्या बाउन्ससाठी आम्ही कोणतीही आपोआप कारवाई ठेवलेली नाही. प्रत्येक अंकानंतर मी ती यादी स्वतः पाहते, सलग तीनदा परत आलेले पत्ते बाजूला काढते आणि ज्यांचा दूरध्वनी आमच्याकडे आहे त्यांना विचारून मगच पत्ता बंद करते. एसईएस बाउन्सचे प्रमाण ५ टक्क्यांच्या खाली ठेवायला सांगते. आमचे प्रमाण आता १ टक्क्याच्याही खाली असते.