एक दिवा आणि पाच फुटांची जाळी

भोसरीत आमचं लेझर कटिंगचं वर्कशॉप आहे. गेट, जिन्याचे कठडे, देवघराच्या जाळ्या हे रोजचं काम. त्यामुळे कुठेही कापलेली जाळी दिसली की माझा हात आधी तिच्या कडेवर जातो. मुलीकडे बॉस्टनला आलो तेव्हा तिने जवळच्या सेलम गावातल्या पीबडी एसेक्स म्युझियममध्ये नेऊन कलाकार अनिला कय्यूम आगा यांची ‘ऑल द फ्लॉवर्स आर फॉर मी’ ही कलाकृती दाखवली. हात लावायची सोय नाही, म्हणून डोळ्यांनीच तपासलं.

वस्तू म्हणाल तर एवढीच: लांबी, रुंदी, उंची पाच-पाच फूट असलेला पोलादी घन, लेझरने कापलेला, लाल लॅकर म्हणजे चकचकीत रोगण दिलेला, अधांतरी टांगलेला. आत एकच दिवा. पण खोलीत पाऊल टाकलं की भिंती, छत, जमीन, सगळीकडे नक्षी. इस्लामी वास्तूंमधल्या भौमितिक जाळ्यांची शिस्त आणि तिच्यातून फिरणाऱ्या वेली-फुलं.

यातली कारागिरी किती अवघड आहे ते सांगतो. दिवा मधोमध, म्हणजे जाळी त्याच्यापासून अडीच फुटांवर. भिंत दिव्यापासून पंधरा फुटांवर असेल तर सावली सहापट मोठी पडणार, आणि चूकही सहापट. आमच्याकडे एखादा मिलिमीटर इकडेतिकडे झाला तर रंगाखाली झाकला जातो. इथे तो भिंतीवर सगळ्यांना दिसेल. शिवाय फुलाची प्रत्येक पाकळी कुठेतरी बाजूच्या पत्र्याला धरून राहिली पाहिजे, नाहीतर कापताक्षणी खाली पडेल. हे जोड आम्ही ‘ब्रिज’ म्हणून ठेवतो आणि ते बहुतेक वेळा उपरे दिसतात. इथे वेलीचा देठच ब्रिज झालाय. मी बराच वेळ शोधत होतो, निव्वळ आधारासाठी ठेवलेली एकही पट्टी मला सापडली नाही. दिवा जितका लहान तितकी सावलीची कड स्पष्ट, हेही विसरू नका. मोठा दुधी गोळा लावला असता तर सगळं धूसर झालं असतं. समोरच्या भिंतीवर नक्षी सरळ उमटते, छताकडे वळताना मात्र ताणली जाते. ती वळणाची जागा जरूर बघा.

आगा लाहोरमध्ये वाढल्या. तिथे मशिदीत बायकांना मोकळेपणाने वावरता येत नसे. पुढे स्पेनमधल्या ग्रानाडाचा अलहंब्रा हा मुस्लिम राजवटीतला नक्षीदार राजवाडा पाहिल्यावर त्यांनी 2013 मध्ये ‘इंटरसेक्शन्स’ केलं, साडेसहा फुटांचा लाकडी घन. 2014 च्या आर्टप्राइझ या अमेरिकेतल्या कलास्पर्धेत त्याला लोकांच्या मतांचं पहिलं बक्षीस मिळालं आणि परीक्षकांचंही, विभागून. ही पार्श्वभूमी कळल्यावर खोलीतली माणसं मी वेगळ्या नजरेने पाहू लागलो. एक आजी व्हीलचेअरवर होत्या, त्यांच्या पांढऱ्या स्वेटरवर पूर्ण फूल उमटलं होतं. शेजारी शाळेची पोरं, त्यांच्या गालांवर तीच वेल. ज्या नक्षीच्या जागेत आगांना मोकळं जाता आलं नाही, तीच नक्षी त्यांनी येईल त्याच्या अंगावर घातली. मला हे फार मोठं वाटतं.

मध्यंतरी आमच्याकडे एका मॉलमध्ये प्रोजेक्टरचा शो पाहिला होता. चहूबाजूंनी रंग, कानठळ्या बसवणारं संगीत, आणि बाहेर पडल्यावर काही आठवेना. इथे काहीच हलत नाही. तुम्ही हलता, तुमची सावली नक्षीवरून सरकते. म्हणून सांगतो, फोन खिशात ठेवा आणि एका कोपऱ्यात स्वस्थ उभे राहा. डोळे सरावायला वेळ लागतो, आधी फक्त लाल दिसतं.

जायचं असेल तर बॉस्टनच्या नॉर्थ स्टेशनवरून लोकल ट्रेन अर्ध्या तासात सेलमला सोडते, पुढे चालत जाता येतं. ऑक्टोबर टाळा, हॅलोविनसाठी गावात पाय ठेवायला जागा नसते. म्युझियममधल्या कलाकृती बदलत असतात, तेव्हा ही मांडलेली आहे का ते आधी विचारून घ्या. आणि भारतीय दालनाचीही चौकशी करा: हर्विट्झ दाम्पत्याने जमवलेला आधुनिक भारतीय चित्रांचा मोठा संग्रह याच म्युझियमकडे आहे, आणि त्यात आपल्या पंढरपुरात जन्मलेले चित्रकार एम. एफ. हुसेन आहेत.