हॉल थंड आहे, पण काठी मागून घ्या

भाच्याची मुंज होती एप्रिलच्या शेवटी, बुधवारी ग्रहमख आणि गुरुवारी मुंज असा दोन दिवसांसाठी हा हॉल घेतला होता, १८० पानं धरली होती. पुण्यात बावधनच्या पुढे, टेकडीला लागून. रिव्ह्यू जरा लांबणारे, कारण आमच्या सोसायटीत क्लबहाऊस बांधायचा विषय तीन वर्षं मिटिंगांमध्ये नुसता लोळतोय आणि मी कमिटीत असल्यामुळे पाहुण्यांपेक्षा भिंतींकडेच जास्त बघत होतो, बायकोने दोनदा टोकलं पण.

आधीच सांगतो, इमारतीला माझे पाचपैकी साडेचार, ती चालवणाऱ्यांना दोन.

जोतं काळ्या दगडाचं, वर मातीच्या दाबीव विटांच्या भिंती, बाहेरून प्लास्टर नाही रंग नाही. हे सांगितलं की आमच्या कमिटीत पहिला प्रश्न ठरलेला, पावसात विरघळणार नाही का हो. नाही विरघळत, त्या मातीत साधारण ५ ते १० टक्के सिमेंट असतं, मशीनमध्ये दाबून वीट काढतात आणि मग पाणी मारत मारत २८ दिवस मुरवतात. भट्टीत भाजायची भानगडच नाही, म्हणजे कोळसा-लाकूड वाचलं. जेवणघराचं छत तर मी मान दुखेपर्यंत बघितलं. स्लॅबच्या पोटात मंगलोरी कौलं बसवलीयेत आणि ती खालून दिसतात. शोभेची नाहीयेत ती. स्लॅबच्या खालच्या भागात ताण असतो तो लोखंडच घेतं, तिथलं काँक्रीट नुसतं वजन वाढवतं, म्हणून तेवढ्या जागेत कौलं भरायची, काँक्रीटही कमी आणि भारही कमी. केरळात लॉरी बेकर या आर्किटेक्टनी हे भरपूर केलं, विटा उभ्या लावून भिंतीत पोकळी सोडायची पद्धतही त्यांनीच तिकडे रुजवली ज्यात साधारण पाव भाग विटा वाचतात. इथे स्टोअररूमची भिंत तशी आहे, जाऊन टकटक करून बघा, पोकळ आवाज येतो.

आता गरमीचं. एसी नाही हे बुकिंगलाच सांगतात आणि वर "हॉल नॅचरली कूल आहे" असंही सांगतात. बुधवारी सकाळी आठला आत शिरलो तर अक्षरशः तापलेल्या तव्यावरून झाकण काढल्यासारखी धग आली, बाहेर बरं वाटत होतं आणि आत घाम. आमची आत्या कसबा पेठेतल्या वाड्यात वाढलेली, तिने एकदा वर बघितलं आणि म्हणाली, "अरे, रात्री झरोके बंद होते का?" बंदच होते. वॉचमन संध्याकाळी सातला सगळं लावून कुलूप घालतो, म्हणे मांजरं शिरतात. म्हणजे दिवसभर जाड भिंतीने जी उष्णता पोटात घेतली ती रात्रभर आतच कोंडली. पुण्यात एप्रिलमध्ये दुपारी ३८-४० असलं तरी पहाटे २०-२२ पर्यंत उतरतं, तो गारवाच तर अशा भिंतीला हवा असतो. आत्याच्या वाड्यात ऊन चढलं की खिडक्या ओढून घ्यायच्या आणि तिन्हीसांजेनंतर सताड उघडायच्या, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, घरात सगळे करायचे म्हणून तीही करायची.

मग वरचे झरोके उघडायचं ठरलं तर ते पंधरा फुटांवर, त्याला आकड्याची लांब काठी लागते आणि ती काठी कुठेय हे मॅनेजरला माहीत नाही, वॉचमनला माहीत नाही, शेवटी झाडू मारणाऱ्या मावशींनी ऑफिसच्या मागच्या कपाटातून काढून दिली, त्यावर दोन बोटं धूळ. त्या रात्री वॉचमनला चहापाणी देऊन झरोके उघडे ठेवले (मांजर वगैरे काही आलं नाही). गुरुवारी सकाळी तोच हॉल आणि फरक इतका की सोवळं नेसलेला भाचा चक्क कुडकुडतोय म्हणाला, अर्थात तो नाटकी आहे.

दहापर्यंत सगळं छान. मग डेकोरेटर आला आणि त्याने पश्चिमेकडची पूर्ण जाळीची भिंत, जिथून वारा येतो तीच, गुलाबी सॅटिनने झाकून टाकली, बॅकड्रॉप म्हणून! आणि अर्ध्या तासात तोच विचारतो, कूलर लावू का, २ हजार एकाचे. कापड काढायला लावलं. जाळीच्याच समोर बटूचे फोटो काढले, ते जास्त चांगले आलेत.

गुरुवार म्हटल्यावर दुरुस्तीसाठी लाईट जाणार हे पुणेकराला सांगायला नको. बरोब्बर मंगलाष्टकांच्या आधी गेली. छतावर एवढे सोलर पॅनल, डोक्यावर एवढं ऊन, आणि माईक बंद. काका मोठ्याने म्हणाले, "मग वर काय पापड वाळत घातलेत का?" अख्खा हॉल हसला. तर त्याचं असं आहे की ही ग्रिडला, म्हणजे बाहेरच्या विजेच्या तारांना जोडलेली सिस्टीम असते, बॅटरी नसेल तर लाईट गेली की इन्व्हर्टर आपोआप बंद होतो, नाहीतर पॅनलची वीज उलटी तारांत जाऊन खांबावर काम करणाऱ्या लाईनमनला शॉक बसेल. नियम बरोबर आहे पण बुकिंगच्या वेळी सोलर सोलर म्हणून सांगता तर हेही सांगा ना, डिझेल जनरेटरचे वेगळे पैसे लावलेत. माईक नव्हता तो मात्र फायदाच झाला म्हणायचा, कारण शहाबादी फरशी आणि उघड्या भिंती म्हणजे आवाज नुसता घुमतो, माईकवर गुरुजींचा एकेक शब्द दोनदा ऐकू येत होता.

पाण्याची गोष्ट जास्त जीवाला लागली. चौकाखाली पावसाच्या पाण्याची टाकी आहे. १०० चौरस मीटर छतावर ७०० मिलिमीटर पाऊस पडला तर हिशेबाने ७० हजार लिटर होतं आणि हे छत त्याहून बरंच मोठं आहे. पण पंप बिघडलाय, कधीपासून ते कुणी सांगत नाही, टँकर दारात उभा. स्वयंपाकघराचं सांडपाणी कर्दळीच्या वाफ्यात सोडलंय ते उत्तम, फक्त त्याआधीचा तेलाचा चेंबर उपसलेला नव्हता म्हणून दुसऱ्या दिवशी पंगतीच्या बाजूला वास.

मागच्या बाजूला पन्हळ तुटलीये, तिथे पागोळ्या सरळ भिंतीवर पडून खालच्या विटा झिजल्यात. पन्हळ बदलायची सोडून कुणीतरी वरून सिमेंटचा गिलावा मारलाय, त्यामुळे आतली ओल आतच राहते आणि आता पोपडे सुटतायत. पार्किंगच्या बांबूच्या शेडला भुंगा लागलाय, गाडीवर पिवळी भुकटी पडते. बोरॅक्स-बोरिकच्या पाण्यात नीट मुरवलेला बांबू असता तर हे झालं नसतं.

भाडं दिवसाला २८ हजार, एसी हॉलच्या मानाने स्वस्तच. मी पुन्हा घेईन, आणि आमच्या कमिटीलाही घेऊन जाणारे. बुकिंग केलंत तर आदल्या संध्याकाळी स्वतः जाऊन झरोके उघडा. काठी ऑफिसच्या मागच्या कपाटात डावीकडे उभी असते, मावशींना विचारा, मॅनेजरला नको.